वाळवणाच्या अंगणातली शोभेची झाडं

आमच्या अंगणात एकही झाड नव्हतं. तो घराचा नियम होता आणि नियमाला कारण होतं. रंगवलेलं कापड वाळताना त्याच्या एका भागावर ऊन आणि दुसऱ्या भागावर सावली पडली, तर आधी वाळणारा भाग शेजारच्या ओल्या भागातला रंग ओढून घेतो आणि कापडावर ढगासारखे पट्टे उमटतात. ते पुन्हा जात नाहीत. म्हणून ज्यांनी घर बांधलं त्यांनी ते पश्चिमेच्या कडेला बांधलं आणि पूर्वेची सगळी जागा मोकळी सोडली. उत्तरेला गल्ली होती, दक्षिणेला शेजाऱ्यांची कमरेएवढी भिंत. सूर्य उगवल्यापासून दुपारी साडेतीनपर्यंत त्या जागेवर सरळ ऊन पडे. अंगणात दगडी खांबांच्या दोन रांगा होत्या आणि खांबाखांबातून दोऱ्या ताणलेल्या होत्या. खांबांचे माथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या थेंबांनी रंगलेले होते. कुठला थर कुणाच्या हातचा, हे माझे वडील, अप्पा, सांगू शकत.

मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे त्या दिवसांत दोऱ्यांवर कापड नसे. मी बारा वर्षांची होते. गिरणीचं रंगीत कापड बाजारात आलं होतं आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली होती. अप्पा बेळगोळच्या एका कारखान्यात पाळीवर जात. पहाटे सायकल गल्लीतून बाहेर पडताना तिच्या चेनीचा आवाज येई आणि त्या आवाजाने मी जागी होई. पण सुट्टीच्या दिवशी अप्पा अंगणात असत. ते अंगण झाडत, ढिल्या पडलेल्या दोऱ्या ओढून बांधत, रंगाचा तांब्याचा हंडा चिंच लावून घासत आणि उपडा ठेवत. हंडा वर्षभर वापरलेला नसे तरी घासला जाई. काम परत येईल असं ते कधी म्हणाले नाहीत. ते अंगण तयार ठेवत होते, एवढंच आम्हाला दिसे.

आईने त्या अंगणात पहिल्यांदा काही लावायचं म्हटलं, तेव्हा ती पालेभाजीबद्दल बोलली होती. आम्ही कन्नड मुलखातले, आमच्या घरच्या मराठीत पालेभाजीला सोप्पूच म्हणत. मराठी शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. “एका बाजूला थोडी सोप्पू लावू का?” तिने विचारलं. अप्पा दोरी बांधत होते. ते म्हणाले, “बाजारात सोप्पूला तोटा आलाय काय? रंगाऱ्याच्या वाळवणात सोप्पू दिसली की लोक काय समजतील? यांची भट्टी विझली, कायमची. साकु.” साकु म्हणजे पुरे. त्यांच्या तोंडून तो शब्द आला की विषय संपे.

आईने विषय संपू दिला. महिन्याभराने तिने देवासाठी फुलांची झाडं मागितली. शोभाही होईल म्हणाली. अप्पांनी विचार केला. देवाच्या फुलांना नाही म्हणता येत नव्हतं. त्यांनी अटी घातल्या: कडेकडेने लावायची, कमरेच्या वर काही जाता कामा नये, मोठं वाढणारं झाड नको, आणि कापड आलं की त्या दिवशी सगळं निघालं पाहिजे. आईने चारही अटी मान्य केल्या आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातली एकही मोडली नाही.

तिने जे लावलं ते सगळं दिसायला सुंदर होतं आणि सगळं खाण्याजोगं होतं. दक्षिणेच्या भिंतीलगत चक्रमुनीची रांग होती. त्याच्या फांद्या बाकदार असतात, पानं दोन्ही बाजूंनी ओळीने लागतात आणि पानांच्या खाली तांबडी बारीक फुलं आणि नंतर पांढरी गोल फळं लोंबतात. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत. वाकून पाहिलं तर कानातल्यासारखी रांगेने टांगलेली दिसतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोड्डपत्रे होतं, ज्याला पुस्तकातल्या मराठीत पानओवा म्हणतात. सावलीत त्याचं पान मोठं आणि मऊ होतं. आमच्या उन्हात ते लहान, जाड आणि कडेला तांबूस होई, आणि वास दुप्पट येई. नळाखालच्या ओलीत ओंदेलगा पसरला होता, म्हणजे ब्राह्मीची गोल पानं. खांबांवर तिने लाल देठाची बसळे चढवली होती, म्हणजे मायाळूचा वेल. खांब अटीत नव्हते. “रिकामेच उभे आहेत,” ती म्हणाली, “आणि वेल म्हणजे झाड नव्हे.” अप्पांनी वेलाचा देठ दोन बोटांत धरून उन्हाकडे केला. किरमिजी आणि जांभळा यांच्या मधला तो रंग होता. “हा लाल मला कधी जमला नाही,” ते म्हणाले. मग देठ सोडून म्हणाले, “पण कच्चा.”

ही सगळी वर्षानुवर्षं टिकणारी झाडं होती. दरवर्षी पेरायची, उपटायची, वाफे करायचे, असं काही नव्हतं. भाजीचा मळा म्हणून ओळखू येईल अशी एकही खूण आईने ठेवली नव्हती. खुडण्याची तिची रीतही तशीच होती. वरचे दोन पेर, बोटांच्या नखाने, प्रत्येक फांदीचे थोडेथोडे. त्यामुळे खालून दोन नवे फुटवे येत आणि झाड भरगच्च, बुटकं, छाटल्यासारखं दिसे. सकाळी अप्पांची सायकल गेली की तो टक्‌टक्‌ आवाज सुरू होई. परवा मी एका रोपवाटिकेत गेले होते. तिथे हीच झाडं आता वेगळ्या मांडणीत, चिनीमातीच्या कुंड्यांतून ठेवली आहेत. शोभेचीही आणि खाण्याचीही, असं तिथल्या तरुणाने मला समजावून सांगितलं, आणि ऊन किती लागतं, शेंडा कसा खुडायचा, तेही सांगितलं. त्याची माहिती बरोबर होती. मी मधे बोलले नाही.

पानं ताटात येत. दोड्डपत्रेची तंबळी होई: पानं तुपात परतून, ओलं खोबरं आणि जिऱ्याबरोबर वाटून ताकात कालवायची, वर मोहरीची फोडणी. बसळेची तुरीच्या डाळीत हुळी होई, चिंच-गुळाची, आणि देठ चोखून खायचे. चक्रमुनी डाळीत जाई, ओंदेलग्याची चटणी भाताबरोबर. अप्पा सगळं जेवत आणि कशाचंही नाव घेत नसत. आई वाढताना “तंबळी” म्हणे, “हुळी” म्हणे, कशाची ते म्हणत नसे. ताटातलं हिरवं आणि अंगणातलं हिरवं यांचा संबंध आमच्या घरात तोंडाने कधी जोडला गेला नाही. मला वाटे अप्पांना कळलेलंच नाही. मुलांना आईबापांबद्दल असल्या गोष्टी वाटतात.

हा संबंध उघड जोडला तो आत्यांनी. अप्पांच्या या धाकट्या बहिणीचं घर चामराजपुरमला होतं, यजमान शाळेत शिक्षक. महिन्यातून एकदा त्या येत आणि पायातलं काढण्याआधी अंगणावर नजर फिरवत.

“वैनी, हे काय? दादाच्या वाळवणात सोप्पू?”

“सोप्पू नव्हे वन्सं. शोभेची झाडं.”

आत्यांनी चक्रमुनीचं एक पान तोडलं आणि चावलं. “शोभा चवीला बरी आहे, अल्ला?” अल्ला म्हणजे नाही का.

“अय्यो, देवाच्या झाडाचं पान खाल्लंत?”

“तुझा देव रोज हुळी जेवतो वाटतं. एका झाडाला शेंडा म्हणून शिल्लक नाही.”

आई हसू दाबत आत गेली. जेवताना आत्यांनी दोनदा हुळी घेतली आणि अप्पांकडे पाहून विचारलं, “दादा, बसळे कोवळी आहे हो. कुठल्या बाजारातली?” अप्पांनी ताटातून मान वर केली नाही. “जेव,” ते म्हणाले.

दोन वर्षं असं चाललं. मग थंडी सरत असताना एका रविवारी दुपारी शिवण्णा आले. वरुणाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या देवस्थानचं काम ते पाहत. त्यांच्या रथाचं कापड पूर्वी आमच्याकडून रंगून जाई. ते कन्नडात बोलले. मी मराठीत देते. “दोन जत्रा गिरणीचं कापड लावलं. गेल्या जत्रेला अवेळी पाऊस आला आणि लाल रंग पिवळ्यावर उतरला. रथ ओढून परत आणेपर्यंत खाली धोतरं नेसलेले सगळे जण गुलाबी. म्हातारे म्हणाले, त्या मराठी रंगाऱ्यांकडे जा. म्हणून आलो.” चाळीस कापडं हवी होती, वीस पिवळी, वीस लाल, बारा दिवसांत. अप्पा उठले. ते आत गेले, स्वतः पाणी घेऊन आले, आणि विचारलं, “रथ तोच आहे ना? उंची तीच?”

शिवण्णांची मोटारसायकल गल्लीबाहेर गेली. अप्पा अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि आईला म्हणाले, “सगळं काढ.”

“सगळं?”

“पुरं ऊन पाहिजे. आणि पायात काही नको.”

“दोन दिवस द्या,” आई म्हणाली.

तिने दोन सकाळींत सगळं कापलं. खुडण्याचा आवाज मला माहीत होता. कोयत्याचा हा आवाज वेगळा होता. चक्रमुनी वीतभर राहिली. दोड्डपत्रे जमिनीसरसं कापलं. खांबांवरची बसळे ओढून काढताना तिचे विळखे दगडाला धरून बसले होते, ते चरचर सुटले. ओंदेलगा कापण्यासारखा नव्हता, त्याच्यावर धुण्याची मोठी घमेली मांडली गेली. शेजारणी टोपल्या भरून घेऊन गेल्या. संध्याकाळी अप्पांनी पाहणी केली.

“मुळं राहिलीत,” ते म्हणाले.

“मुळं उन्हाच्या आड येत नाहीत,” आई म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. “हे काम चाललं तर पुढच्या वर्षीही येईल. आणखीही येतील. मग मुळंही काढायची.”

“तेव्हा काढीन,” ती म्हणाली. तिने ते सरळ आवाजात म्हटलं, पण कोयता धुताना तिने तो नळाखाली गरजेपेक्षा बराच वेळ धरला. त्या घरात कुणाला काय हवं होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. अप्पांना काम परत हवं होतं. आईलाही ते त्यांच्यासाठी हवं होतं. पण ते आलं, तर तिच्या हातचं एक पानही तिथे राहणार नव्हतं.

एक वेल मात्र राहिला, आग्नेयेच्या कोपऱ्यातल्या खांबावरचा. त्याला पिकलेली जांभळी फळं लागली होती आणि ती चिरडून मी शाई करत असे. मी आईकडे हट्ट धरला. “अप्पांना विचार,” ती म्हणाली. मी विचारलं नाही. आईला वाटलं मी विचारलं. अप्पांना वाटलं आईने बियांसाठी ठेवला. तिघांपैकी कुणीच खात्री करून घेतली नाही. पुढे वर्तमानपत्रात काम करताना बातमीदारांच्या मजकुरावर असल्याच जागी मी लाल पेन्सिलीने खूण करत आले.

अप्पांनी कारखान्यातून रजा घेतली. भट्टी पेटली. कापड आधी सोड्यात उकळून त्याची खळ काढायची, मग धुवायचं, मग हंड्यात रंग. आई लांब काठीने कापड खालीवर करी, अप्पा रंग पाहत, मी खळबळून धुवायला होते. अप्पा त्या दिवसांत बोलत होते. एरवी वर्षभरात जेवढं बोलत, तेवढं ते त्या आठवड्यात बोलले: त्यांच्या वडिलांनी कुठल्या कापडाला हात भाजून घेतला, कुठल्या गिऱ्हाइकाने हिरव्याला निळा म्हणून भांडण केलं. आई काठी हलवता हलवता त्यांच्याकडे पाहत राही आणि एकदा त्यांनी तिला “काय बघतेस?” विचारलं तेव्हा ती म्हणाली, “रंग.” पिवळी कापडं आधी झाली. वीसच्या वीस दोऱ्यांवर गेली, आणि अंगणात उभं राहिलं की हातांची कातडीही पिवळी दिसे. अप्पा सकाळपासून कापडांच्या मधून फिरत होते, कड ओढून सरळ करत होते. पट्टा नव्हता. कुठेच नव्हता.

दुपारी ते दोघं जेवायला आत गेले. कापडं उलटी करायचं काम माझ्याकडे होतं. बुलबुल आले ते मी पाहिले. ते रोजच त्या फळांवर येत. आधी वेल सगळ्या खांबांवर होता, तेव्हा पक्षी अंगणभर विखुरलेले असत. आता एकच वेल उरला होता आणि बसायला दोऱ्या होत्या. मी दुसऱ्या टोकाला होते. परत आले तेव्हा तीन कापडांवर जांभळे शिंतोडे होते.

मी कुणाला हाक मारली नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई त्यात तुरटी फिरवी आणि गाळ खाली बसे. रंगाच्या खोलीत तुरटीची मोठी बरणी पूर्वीपासून होती. तुरटीने स्वच्छ होतं, असा माझा ठाम समज होता. मी खडा गरम पाण्यात विरघळवला, फडकं बुडवलं आणि तिन्ही कापडं मन लावून चोळली. वाळेपर्यंत मी समोर उभी राहिले. शिंतोडे मसुराएवढे होते. वाळले तेव्हा ते तळहाताएवढे झाले होते, मळकट जांभळे, कडेला तपकिरी.

अप्पा बाहेर आले. त्यांनी डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

“काय लावलंस, सुधा?”

“तुरटी.”

ते धुण्याच्या दगडावर बसले. ओरडण्याची मी वाट पाहत होते. “साध्या पाण्याने गेला असता गं,” ते म्हणाले. “बसळेचा रंग कच्चा. वाट्टेल त्याने जातो. तुरटी रंगाला धरून ठेवते. त्यासाठीच ती बरणी घरात आहे.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“कसं असणार? मी कुठं शिकवलं?” तोवर आई दारात आली होती. अप्पा तिला म्हणाले, “रंगाऱ्याची मुलगी. तुरटी कशाला असते ते ठाऊक नाही.” आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट पहिल्यांदाच नीट वाचून पाहावी तसं ते म्हणाले.

आईने भिंतीला टेकवलेला कोयता उचलला आणि ती कोपऱ्यातल्या वेलाकडे निघाली. मला वाटलं, आता तो जाईल, मग वीतभर उरलेल्या चक्रमुनीची मुळं, मग बाकीची. अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, “राहू दे. वेलाने काही केलेलं नाही.”

पिवळी पूड संपली होती. ती तीन कापडं त्यांनी लाल हंड्यात घातली. पिवळ्यावर चढलेला लाल इतरांपेक्षा खोल आणि उबदार निघाला. डाग त्यात बुडाला. सतरा पिवळी, तेवीस लाल.

दुसऱ्या दिवशीचं जेवण मला पदार्थासकट आठवतं. भात, मिरीचं सार, बटाट्याची भाजी, ताक. त्या आठवड्यात आम्ही बटाटे आणि वांगीच खात होतो. अप्पांनी ताकाची वाटी जवळ ओढली, आत पाहिलं आणि विचारलं, “तंबळी नाही?”

“कशाची करू?” आई म्हणाली.

“दोड्डपत्रेची.”

आईचा वाढणारा हात थांबला. मीही खाणं थांबवलं. तो शब्द त्यांनी घरात पहिल्यांदा उच्चारला होता.

“दोड्डपत्रे कापलं,” ती म्हणाली.

“किती दिवसांत फुटेल?”

“मुळं आहेत. पंधरा दिवस.”

“आणि चक्रमुनी?”

“तिला महिना. उन्हं वाढली की लवकर.”

“नळाखालचा ओंदेलगा? त्याच्यावर मी घमेली ठेवलीत.”

“तो चिवट आहे. घमेली काढली की आठ दिवसांत वर येईल.”

अप्पांनी मान हलवली आणि भात कालवला. एकेका झाडाची चौकशी त्यांनी नावानिशी केली, गावाहून आलेल्या माणसाकडे नातेवाइकांची करावी तशी. एकही नाव चुकलं नाही. दोन वर्षं ते काय खात होते ते त्यांना पहिल्या घासापासून ठाऊक होतं. आईलाही ते ठाऊक असावं. पुढे मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या अप्पांच्या नाकाला वास कळत नाही काय? रंगाच्या हंड्यावर वाढलेलं नाक ते.”

बाराव्या दिवशी अप्पा गाठोडी घेऊन देवस्थानच्या टेम्पोतून गेले. दुपार कलताना परत आले ते बसने, आणि त्यांच्या हातात त्यांच्याहून उंच अशी एक फांदी होती. नुग्गेची, म्हणजे शेवग्याची. मनगटाएवढी जाड, खालचं टोक शेणाने लिंपून फडक्यात बांधलेलं. कंडक्टरने याचंही तिकीट काढा म्हणून बसभर थट्टा केली होती आणि अप्पा सगळी वाट ती धरून उभे राहिले होते.

“कापड?” आईने आधी ते विचारलं.

“मी सांगितलं, पिवळी तीन कमी, लाल तीन जास्त. शिवण्णा म्हणाले, रथाला दोन्ही सारखीच. आणि ती तीन लाल त्यांनी पुढच्या बाजूला लावली. रंग आवडला म्हणे.” ते दगडावर बसले, फांदी मांडीवर आडवी. “पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगत होते.”

आई उभी होती. “मग?”

“नाही म्हटलं.”

“का हो?”

“तीन माणसांचं काम आहे. हिला शिकवलं तर ही शिकून कुणाचं कापड रंगवणार? बेळगोळला दरवेळी रजा मिळायची नाही.” ते थांबले. “आणि लालच्या दुसऱ्या खेपेला माझा डोळा चुकला. थोडा आधी काढला मी. कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.”

 आईने फांदीकडे बोट केलं. “आणि हे?”

“शिवण्णांच्या दारात होतं. पांढऱ्या फुलांनी भरलेलं. फुलांची भाजी होते, पानांची होते, शेंगांची होते. शोभाही आहे,” ते म्हणाले, आणि आईकडे न पाहता पुढे म्हणाले, “कुठं लावू?”

त्या प्रश्नाचा अर्थ तिला लगेच कळला असणार. मला तो कळायला आणखी वर्षं लागली. वाळवणात झाड लावलं की तिथे पुन्हा कापड वाळत नाही, आणि हे त्या घरात अप्पांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आईने पदराचं टोक दोन्ही हातांनी पिळलं. रडेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “मधे नको. मोठं झाड होतं ते. चक्रमुनी उन्हाची आहे.”

“मधे कोण लावतंय?” अप्पा उठले. ते फांदी खांद्यावर टाकून अंगणाच्या एका कडेने चालू लागले, आई मागे, मी तिच्या मागे. प्रत्येक ठिकाणी ते थांबत, फांदी उभी धरत आणि तिची सावली कुठे पडेल ते हाताने जमिनीवर दाखवत: सकाळी इथून इथे, दुपारी एवढीच, थंडीत भिंतीपर्यंत. त्यांना पाहावं लागत नव्हतं. त्या जमिनीवरचं प्रत्येक घटकेचं ऊन त्यांना पाठ होतं. उत्तरेच्या भिंतीला टेकून, गल्लीच्या बाजूला, ते थांबले आणि त्यांनी टाचेने मातीवर रेघ मारली.

“इथं. वर्षभर सावली गल्लीत पडेल, तुझ्या झाडांवर येणार नाही. फक्त पावसाच्या तोंडाशी, सूर्य उत्तरेला जातो तेव्हा, भर दुपारी हातभर आत येईल.”

आईने तो हातभर तुकडा पाहिला. मग ती वाकली आणि त्यातला एक दगड उचलून बाजूला ठेवला.

“हातभर येऊ दे,” ती म्हणाली. “तिथं थोडा ओंदेलगा लावते. त्याला सावली बरी.”